चेक

फातर्प्याच्या जत्रेपासून पेडण्याच्या काल्यापर्यंत
एकवीस वर्षं मी लोकांच्या तोंडापुढे माइक लावतो.
सरपंच, कीर्तनकार, तियात्रवाले, लग्नातले हौशी मामा,
कुणाचा आवाज नाकात, कुणाचा बेंबीत.
मी बटणं फिरवतो, सगळ्यांना गळा देतो.
माझं स्वतःचं भाषण एका शब्दाचं:
चेक.
फार तर दोनदा. चेक, चेक.
तेही रिकाम्या खुर्च्यांना.

सातवीत असताना, शिरोड्याच्या शाळेत,
एकोणीस डिसेंबरला मला उभं केलं होतं.
'अध्यक्ष महाशय'मधल्या 'अ'वरच
जीभ आक्रसली, उन्हात टाकलेल्या सोलासारखी.
झेंडा हलत होता. मी नाही.

सुलक्षा म्हणाली, हे ह्या जन्मातलं नव्हे.
तिची मावशी पाण्याला भ्यायची,
पणजीत मळ्याला एक बाई आहे, तिनं काढून दिलं.
गेल्या जन्मी बुडाली होती म्हणे,
आता मिरामारला गुडघ्यापर्यंत जाते.

फी तीन हजार.
चार भोंग्यांचं एका रात्रीचं भाडं.
डोळे मिटा. पायऱ्या उतरा. दहा, नऊ, आठ.
काय दिसतंय?

खरं सांगू? एसीचा हिरवा दिवा दिसत होता.
पण बाई चांगली होती, आल्याबरोबर पाणी दिलं होतं,
तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणालो: टेबल.
मग टेबलावर मेणबत्ती ठेवावी लागली.
मेणबत्तीमागे माणूस, माणसाच्या हातात पीस.
खिडकीबाहेर नदी, नदीत होडी,
होडीत गोणपाटात गुंडाळलेला देव,
पलीकडे अंत्रुज, काळोखात.
पीसवाला विचारतोय, होडी कुणाची?
आणि मी नाव सांगितलं.
एकच नाव. त्यानं ते सावकाश लिहून घेतलं.

वीस मिनिटं बोललो, कुठेही न अडखळता.
बाई डोळे पुसत होती.
मला हसू आवरेना.

परतताना फोंड्याच्या बसमध्ये लक्षात आलं,
नाव कोणतं ते तिनं विचारलंच नाही,
मीही ठरवलं नव्हतं.
बाणस्तारीचा पूल आला. खाली ओहोटीचा चिखल, थोडं पाणी.
लोटू.
आमच्या सात पिढ्यांत कुणी लोटू नाही.
मी खिडकी बंद केली.

मे महिन्यात आंतोनबाब गेला.
माझा पहिला अ‍ॅम्प्लिफायर त्यानं हप्त्यावर दिला होता
आणि हप्ते विसरून गेला होता.
शोकसभा चर्चमागच्या हॉलात. माइक मीच लावला.
पाद्री म्हणाला, आता गुरुदास दोन शब्द बोलेल.

उभा राहिलो. समोर दीडशे माणसं,
आणि मला वाटलं, प्रत्येकाच्या हातात पीस.
मी नाव घेणार, कुणीतरी लिहून घेणार,
पहाटे दारावर थाप पडणार.
मग वाटलं, आंतोनबाबला आता कोण नेणार?
तो गेलाच आहे.

आंतोन, म्हणालो.
आणि मग, का कुणास ठाऊक, लोटू.

खोकणारेही थांबले.
कुणाला वाटलं, वायर लूज झाली.
पहिल्या रांगेतून त्याच्या मुलीनं, ब्लांडिनानं विचारलं,
लोटू कोण?
माहीत नाही, म्हणालो. त्याची होडी होती.
आणि खाली बसलो.

हॉल रिकामा झाल्यावर सुलक्षानं बोटांवर मोजलं.
सात शब्द. तीन हजाराला सात,
महाग पडले, म्हणाली.
मी काही बोललो नाही, वायर गुंडाळत होतो,
अंगठा आणि कोपरामधून, वेढ्यावर वेढा,
होडी बांधून झाल्यावर उरलेला दोर गुंडाळतात तशी.
ही पद्धत मला आंतोनबाबनं शिकवली
की आधीपासून येत होती,
आता विचारायची सोय नाही.